इंजिन ते टेल पाइप : मोटारीच्या एक्झॉस्ट यंत्रणेची ओळख

मोटारीच्या इंजिनात एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. मूळ पेट्रोलचे वजन जेमतेम पाऊण किलो भरते. वाढलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते, म्हणजे दर लिटरमागे साधारण अकरा किलो, आणि नेहमीच्या तापमानाला एवढी हवा नऊ हजार लिटर जागा व्यापते. इंजिनात शिरलेला हा सगळा वायू काम संपताच बाहेर काढावा लागतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर हे बाहेर काढणे मिनिटाला सहा हजार वेळा घडते, आणि इंजिनावर भार असताना निघणारा वायू सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो.

हे काम करणारी यंत्रणा म्हणजे एक्झॉस्ट यंत्रणा. गॅरेजमध्ये तिला सरसकट सायलेन्सर म्हणतात, पण सायलेन्सर हा तिचा शेवटाकडचा एक भाग झाला. इंजिनाला लागून असलेला मॅनिफोल्ड, त्यात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गाडीच्या पोटाखालून जाणारे पाइप, सायलेन्सर आणि मागचा टेल पाइप हे सगळे मिळून ती यंत्रणा होते. वायू बाहेर टाकणे, त्याचा आवाज कमी करणे, त्यातले विषारी घटक निष्प्रभ करणे आणि गाडीतल्या माणसांपासून तो दूर नेणे ही तिची उघड कामे. एक काम सहसा ध्यानात येत नाही. इंजिनात इंधन नीट जळते आहे की नाही याची खबर इंजिनाच्या संगणकाला याच यंत्रणेकडून मिळते आणि त्यावर पुढच्या क्षणी किती इंधन सोडायचे ते ठरते. त्यामुळे एक्झॉस्टकडे इंजिनाचाच अवयव म्हणून पाहिले तरच त्याचे वागणे उलगडते. पुढचे विवेचन त्याच भूमिकेतून केले आहे.

सुरुवात सिलिंडरमधून करावी लागते. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एकदा मिश्रण आत ओढतो, एकदा दाबतो, ठिणगीने जळलेल्या वायूच्या जोराने एकदा खाली ढकलला जातो आणि शेवटी वर येताना उरलेला वायू बाहेर लोटतो. मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याच्या थोडा आधीच उघडतो. त्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असल्याने वायूचा मोठा भाग स्वतःच्या जोरावर बाहेर झेपावतो आणि पिस्टनला फक्त राहिलेला वायू ढकलावा लागतो. या पहिल्या लोटातूनच एक्झॉस्टचा मूळ आवाज जन्मतो. स्ट्रोकच्या शेवटी काही क्षण एक्झॉस्ट आणि इनटेक असे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. त्या अल्प अवधीत जुना वायू वेगाने निघून गेला तर तो नव्या मिश्रणाला आपल्यामागे आत खेचतो. सिलिंडरमध्ये जळका वायू जितका मागे राहील तितकी नव्या हवेला जागा कमी, आणि तितकीच शक्ती कमी.

सिलिंडरांमधून निघालेले लोट एकत्र करून एका पाइपमध्ये सोडणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. जुन्या गाड्यांत तो ओतीव लोखंडाचा असे, आता स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा किंवा थेट सिलिंडर हेडमध्येच सामावलेलाही असतो. दिसायला तो साधा असला, तरी त्याची आखणी इंजिनशास्त्रातल्या नाजूक विषयांपैकी एक आहे. व्हॉल्व्ह उघडताच वायूबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावू लागते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला पाचशे ते सहाशे मीटर असतो, त्यामुळे ही लाट प्रत्यक्ष वायूच्या कितीतरी पुढे जाते. नळी जिथे एकदम रुंद होते तिथे ती उलट फिरते आणि परतताना कमी दाबाची लाट होऊन येते. ही परतीची लाट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना सिलिंडरपाशी पोचली तर उरलासुरला वायू ओढून नेते. चुकीच्या वेळी शेजारच्या सिलिंडरचा जास्त दाबाचा लोट आला, तर तोच वायू पुन्हा आत ढकलला जातो. म्हणून नळ्यांची लांबी आणि कोणती नळी कोणत्या नळीला मिळवायची हे मोजून ठरवावे लागते. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. म्हणून पहिल्या सिलिंडरची नळी चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी जोडली की दोन लोटांमध्ये पुरेसे अंतर पडते आणि ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. लांबी एका विशिष्ट वेगालाच नेमकी बसते, त्यामुळे शर्यतीच्या गाडीचा मॅनिफोल्ड आणि शहरात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड यांत फरक असणारच.

इथेच एका दृढ गैरसमजाचा विचार केला पाहिजे. इंजिनाला थोडे ‘बॅक प्रेशर’ लागतेच, ते काढले तर पिकअप जातो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. प्रत्यक्षात वायूच्या वाटेत येणारा विरोध कोणत्याही इंजिनाच्या फायद्याचा नसतो. पिस्टनला तेवढे अधिक काम करावे लागते आणि इंधन वाया जाते. जरुरीपेक्षा जाड पाइप बसवल्यावर कमी वेगात गाडी मंदावते हे निरीक्षण मात्र खरे आहे. त्याचे कारण वेगळे आहे. रुंद नळीत वायूचा वेग पडतो, परतीच्या लाटांचे गणित बिघडते आणि जळका वायू पूर्ण निघून जात नाही. पाइपची रुंदी वायूच्या वेगाला साजेशी हवी, एवढाच या अनुभवाचा अर्थ आहे.

टर्बो असलेल्या गाड्यांत मॅनिफोल्डनंतर लगेच टर्बाइन येते. इंधनातल्या उष्णतेचा जवळपास एक तृतीयांश भाग एक्झॉस्टमधून निघून जातो. त्यातला काही परत मिळवण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर जाणारा वायू मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकणारे छोटे चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. आजच्या एक लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाने कालच्या दीड लिटरच्या इंजिनाची बरोबरी केली, ती मुख्यतः यामुळे.

आता वायूच्या घटकांकडे. टेल पाइपमधून निघणाऱ्या वायूत सत्तर टक्क्यांहून अधिक नायट्रोजन असतो, जो बहुतांशी जसा आला तसाच बाहेर पडतो. उरलेल्यात प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असते. त्रासदायक घटक इंजिनातून निघतानाही एक-दोन टक्क्यांच्या घरात असतात, पण माणसाच्या आरोग्याचा सगळा प्रश्न त्यांच्याशीच निगडित आहे. ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड होतो. सिलिंडरच्या थंड भिंतींलगत आणि फटींत अडकलेले पेट्रोल न जळता हायड्रोकार्बनच्या रूपाने बाहेर येते. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र उलट परिस्थितीत बनतात. ज्वाला जितकी तप्त आणि ज्वलन जितके जोमदार, तितका एरवी निष्क्रिय असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. म्हणजे पहिले दोन कमी करायला जे करावे त्याने तिसरा वाढतो. प्रदूषण नियंत्रणाच्या सगळ्या इतिहासात अभियंत्यांना या पेचातूनच वाट काढावी लागली आहे.

या घटकांची गंभीर दखल प्रथम लॉस एंजेलिसमध्ये घेतली गेली. १९४०च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे तपकिरी धुके दाटू लागले. कारखान्यांवर संशय होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले, की हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि हे दोन्ही घटक मोठ्या प्रमाणात मोटारींतून येतात. मोटार उद्योगाने हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही. अखेर १९७० साली अमेरिकेच्या काँग्रेसने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि १९७५ च्या गाड्यांपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन नव्वद टक्क्यांनी कमी करा असा आदेश दिला. हे साधेल असे तंत्र त्या दिवशी बाजारात तयार नव्हते. कायदा आधी आला आणि तंत्रज्ञान त्याच्या दबावाखाली घडले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या तंत्रज्ञानाचे, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे, बीज जुने होते. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उत्प्रेरक वापरण्यासाठी प्रसिद्ध असलेले फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत मोटारीसाठी उत्प्रेरकाचे भांडे तयार केले होते. ते चालेना, कारण पेट्रोलमध्ये शिसे होते. टेट्राएथिल लेड इंजिनातली ठोक थांबवते हे थॉमस मिजली यांनी १९२१ साली शोधून काढले होते; त्यासाठी ते जगभर पेट्रोलमध्ये मिसळले जाई, आणि जळल्यानंतर त्यातले शिसे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर साचून तो निकामी करी. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा जो घातक परिणाम होतो, त्यामुळेही शिसे हटवणे आवश्यकच होते. तरी प्रत्यक्षात शिसेविरहित पेट्रोलचा मार्ग मोकळा झाला त्यात कन्व्हर्टर वाचवण्याच्या गरजेचा वाटा मोठा आहे. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाहेरून स्टीलचा फुगीर डबा दिसतो. आत कॉर्डिअराइट नावाच्या सिरॅमिकचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र ठोकळा असतो. चौरस सेंटिमीटरला साधारण साठ या हिशेबाने त्यात सरळ आरपार वाहिन्या असतात आणि त्यांच्या भिंती मिलिमीटरच्या एक-दशांशाच्या आसपास जाड असतात. हा ठोकळा कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी विकसित केला. भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर देतात, त्यामुळे वायूला स्पर्श करणारे क्षेत्रफळ प्रचंड वाढते, आणि त्या थरावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या धातूंचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. एका गाडीत हे तिन्ही मिळून काही ग्रॅमच भरतात. प्लॅटिनम व पॅलेडियमवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड व पाणी बनतात. रोडियमवर नायट्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटतो आणि निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ही अभिक्रिया रेणूगणिक कशी घडते, याचा उलगडा गेर्हार्ड एर्टल यांनी केला. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातल्या कार्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाच डब्यात ऑक्सिजन जोडणे आणि ऑक्सिजन काढणे ही परस्परविरोधी कामे चालवायची तर वायूत ऑक्सिजनचे प्रमाण अगदी नेमके हवे. हवा जरा जास्त झाली की नायट्रोजन ऑक्साइड सुटतात, इंधन जरा जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड. १४.७ या गुणोत्तराच्या आजूबाजूला जी अरुंद पट्टी आहे तिच्यातच तिन्ही घटक नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतात. कार्ब्युरेटरला एवढी अचूकता जमत नसे. हा प्रश्न ऑक्सिजन सेन्सरने सोडवला. बॉशने विकसित केलेला हा सेन्सर व्होल्व्होने १९७७ सालच्या मॉडेलमध्ये तिहेरी कन्व्हर्टरसह कॅलिफोर्नियाच्या बाजारात आणला. झिर्कोनियाच्या बोंडाच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्ट असतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन नसला की सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाब देतो, ऑक्सिजन उरला असला की तो ०.१ व्होल्टच्या आसपास घसरतो. संगणक त्यानुसार इंधन क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो, त्यामुळे मिश्रण योग्य बिंदूच्या दोन्ही बाजूंना सतत झुलत राहते. कन्व्हर्टरच्या थरातले सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवते आणि तुटवड्याच्या क्षणी परत देते, त्यामुळे हे झुलणे निभावून जाते. कन्व्हर्टरमधून वायू बाहेर पडतो तिथे आणखी एक सेन्सर असतो. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूतले चढउतार सारखेच दिसू लागले, तर साठवणूक संपली आणि कन्व्हर्टर थकला असा निष्कर्ष काढून संगणक डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लावतो.

भारतात हा प्रवास उशिरा सुरू झाला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याचबरोबर तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. देशाच्या इतर भागात शिसेयुक्त पेट्रोलच होते, त्यामुळे कन्व्हर्टर लावलेली गाडी लांब पल्ल्याला नेली तर वाटेतल्या एखाद-दोन टाक्याही त्याला मारक ठरत. १ फेब्रुवारी २००० पासून सगळ्या देशात शिसे बंद झाले. त्याच वर्षी युरोपीय निकषांवर बेतलेली पहिली राष्ट्रीय मानके आली. त्यांचा चौथा टप्पा, भारत स्टेज ४, देशभर लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडले, आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० रोजी थेट भारत स्टेज ६ आला. या उडीत इंधनातले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. गंधक उत्प्रेरकाला मारक असल्यामुळे आधी इंधन शुद्ध केल्याशिवाय पुढची कोणतीही सुधारणा शक्य नव्हती. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था गाड्यांना या मानकांनुसार मान्यता देण्यासाठी चाचण्या घेते.

कन्व्हर्टरची मोठी मर्यादा म्हणजे तो गार असताना काम करत नाही. सुमारे २५० ते ३०० अंशांना तो जागा होतो. त्याआधीच्या मिनिट-दीड मिनिटात प्रदूषकांचा मोठा हिस्सा बाहेर पडून गेलेला असतो. म्हणून आता तो इंजिनाला शक्य तितका जवळ बसवतात. रोजचा प्रवास दीड-दोन किलोमीटरचा असेल तर त्यातला बराचसा भाग कन्व्हर्टरविनाच होतो, हे गाडी वापरणाऱ्याने जाणून असावे. अतिउष्णताही त्याला मारते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि चौदाशे अंशांच्या पुढे सिरॅमिकचा ठोकळा वितळून वाट बुजते. बॅटरी उतरलेली पेट्रोल गाडी धक्का मारून सुरू करू नये असे अनेक उत्पादक बजावतात ते यासाठी. इंजिन ऑइल जळत असेल तर त्यातला फॉस्फरस थरावर बसतो. मळणीसाठी रस्त्यावर पसरलेल्या पिकावरून गाडी नेली आणि काड पोटाखाली अडकले, तर तापलेल्या कन्व्हर्टरमुळे ते पेटू शकते. वाळल्या गवतात गाडी उभी करण्यातही हाच धोका आहे.

डिझेलची कथा वेगळी आहे. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवेवर चालते, म्हणून त्याच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरतोच आणि तिहेरी कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइडवर निरुपयोगी ठरतो. शिवाय काजळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला. भारत स्टेज ६ ने डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणि कणांची २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आणली. काजळीसाठी डीपीएफ नावाची गाळणी आली. तिच्या वाहिन्या एक सोडून एक टोकाला बंद असतात, त्यामुळे वायूला भिंतीतून पाझरून जावे लागते आणि काजळी मागे राहते. साठलेली काजळी वेळोवेळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकावी लागते. हमरस्त्यावर हे आपोआप होते. शहरातल्या तुटक प्रवासात ते अर्धवट राहते, गाळणी चोंदते आणि दिवा लागतो. तो दिवा दुर्लक्षिण्याजोगा नाही. बहुतेक गाड्यांत एक सलग, मोकळ्या रस्त्यावरची फेरी गाळणी वाचवते. वेळ टळली तर बदलण्याचा खर्च मोठा असतो. नायट्रोजन ऑक्साइडसाठी मोठ्या डिझेल गाड्यांत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण एक्झॉस्टमध्ये फवारतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि तो उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करतो. एवढे सगळे लहान गाडीत बसवणे महाग पडते. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी थांबवल्या, त्यामागे हेच अर्थकारण होते.

मानके कागदावर पाळणे आणि रस्त्यावर पाळणे यांतले अंतर सप्टेंबर २०१५ मध्ये जगासमोर आले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला संगणक चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालवत असे आणि एरवी ते शिथिल करत असे. रस्त्यावर काही गाड्या अमेरिकी मर्यादेच्या चाळीसपटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या, आणि हे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीतच मोजणीचे उपकरण ठेवून प्रत्यक्ष रस्त्यावर मापे घेतली, म्हणून ही फसवणूक बाहेर आली. तीच पद्धत पुढे नियमात शिरली. भारतात एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचीही कसोटी लागू आहे.

वायू शुद्ध झाल्यावर उरतो आवाज. चार सिलिंडरचे इंजिन ७५० फेऱ्यांवर नुसते चालू असेल तर सेकंदाला पंचवीस लोट सोडते, ३,००० फेऱ्यांवर शंभर. तीन सिलिंडरच्या इंजिनात हीच संख्या पाऊणपट होते, म्हणून आजच्या छोट्या गाड्यांचा सूर वेगळा लागतो. हे लोट मवाळ करण्याचे पेटंट अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली घेतले. सायलेन्सरमध्ये दोन तत्त्वे काम करतात. पहिल्यात वायू अरुंद, भोकाभोकांच्या नळ्यांतून मोठ्या कप्प्यांत सोडतात. कप्प्याच्या भिंतींवरून परतलेल्या ध्वनिलाटा येणाऱ्या लाटांना विरुद्ध टप्प्यावर भेटतात आणि दोन्ही एकमेकींना पुसतात. एखादा ठरावीक घुमणारा सूर मारायचा असेल तर त्याच सुराला जुळवलेला बंद कप्पा बाजूला जोडतात. दुसऱ्या तत्त्वात नळीभोवती काचतंतू भरतात, त्यात तीव्र सूर जिरतात. घरगुती गाड्यांत पहिल्यावर भर असतो. भारतात प्रवासी मोटारीच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी फेरफार केलेल्या दुचाक्यांचे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर चालवला आहे. सायलेन्सर पोकळ केल्याने वाढणारी शक्ती नगण्य असते, आणि तो आवाज रुग्णालयाच्या खिडक्यांपर्यंत आणि झोपलेल्या तान्ह्या मुलापर्यंत जातो. कन्व्हर्टर काढून टाकणे तर त्याहून वाईट, कारण त्याचा परिणाम कोणाला ऐकूही येत नाही.

पाइप, हँगर रबर, गॅस्केट आणि इंजिनाचा थरथराट शोषणारा लवचीक भाग हे उरलेले घटक साधे असले तरी बिघाड बहुधा त्यांच्यातच सुरू होतो. एका लिटर पेट्रोलमागे लिटरभर पाणी बनते हे वर आलेच आहे. पाइप तापला असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. गार पाइपमध्ये त्याचे थेंब होतात, म्हणून सकाळी टेल पाइपमधून पाणी ठिबकणे किंवा थंडीत पांढरी वाफ दिसणे हा दोष नाही. गाडी रोज थोडीच चालत असेल तर मात्र ते पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचते आणि आतून गंज धरते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे बाहेरूनही तेच होते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असल्याची शंका घ्यावी. निळसर धूर जळत्या ऑइलचा, काळा धूर जादा इंधनाचा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात टेल पाइप बुडाला तरी इंजिन चालू असेतो वायूच्या दाबाने पाणी सहसा आत येत नाही; इंजिन बंद पडले की सायलेन्सर भरतो. अशा वेळी गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, कारण इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गंजलेल्या पाइपचा सर्वांत गंभीर परिणाम गाडीतल्या माणसांवर होऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशी लक्षणे येतात आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून काचा बंद करून झोपणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे कन्व्हर्टर शाबूत असतानाही धोक्याचे आहे, कारण सुरुवातीला तो गार असतो आणि पुढे खोलीतला ऑक्सिजन घटत जातो. गाडीच्या आवाजात अचानक फरक पडणे, पोटाखालून फुसफुस ऐकू येणे किंवा केबिनमध्ये धुराचा वास येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.

रस्त्यावरच्या गाड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी पीयूसी तपासणी आहे. पेट्रोल गाडीत इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धुराची दाटी पाहतात. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. मेलेला कन्व्हर्टर यात पकडला जाऊ शकतो आणि तेवढी ही तपासणी उपयुक्त आहे. मात्र नायट्रोजन ऑक्साइड तीत मोजले जात नाहीत, आणि उभ्या गाडीच्या मापावरून चढ चढणाऱ्या गाडीचा अंदाज येत नाही. गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणे याच तपासणीचा भाग झाले तर तिचे मोल पुष्कळ वाढेल.

कार्बन डायऑक्साइडवर यातल्या कोणत्याही भागाचा इलाज चालत नाही. तो ज्वलनाचाच परिणाम असल्याने इंधन कमी जाळणे हाच त्याला कमी करण्याचा मार्ग. विजेच्या मोटारींना एक्झॉस्ट लागत नाही. हायब्रीड गाड्यांत तो असतो आणि त्याची आखणी उलट अवघड होते, कारण इंजिन मधूनमधून बंद राहिल्याने कन्व्हर्टर पुन्हा पुन्हा गार पडतो.

जुन्या कन्व्हर्टरला मात्र गाडी मोडीत निघाल्यावरही किंमत असते. रोडियम व प्लॅटिनमचा सर्वाधिक पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून होतो, आणि २०२१ मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटींहून अधिक झाला होता. त्या सुमारास महाराष्ट्रात आणि गुजरातेत व्हॅन गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. चोरांना हवी होती ती आतली, त्यांच्या भाषेतली ‘माती’, म्हणजेच उत्प्रेरकाचा सिरॅमिक ठोकळा. कायदेशीर मार्गाने हाच ठोकळा दळून, वितळवून आणि आम्लात विरघळवून त्यातला बहुतांश प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम परत मिळवता येतो, आणि तो नव्या कन्व्हर्टरमध्ये वापरला जातो.